बाबाचे सतरा वाव

घुग्घुस
दि. ४ फेब्रुवारी २०२४

॥ श्री ॥

चि. मयुरी हिस दिव्यानीबाईचे अ. आ. इकडे सारे खुशाल आहेत, तिकडची खुशाली कळवजो. सारे म्हणजे मी सोडून.

माय फोनवर सांगत होती का तुहा लाल टोपावाला फोटो साऱ्या कोसंबीनं पाह्यला. भाजीवाली वच्छलाकाकू सुद्धा म्हणे, पोट्टीनं नाव काढलं. मले तो फोटो तुनं नाई, मायनं पाठवला. पाह्यला अन् फोन पालथा ठेवला. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं, अन् हे बिचारे खदानीतून आलेले, पाणी पिऊ पिऊ जेवले.

लपवून काय करू, मी जळून राह्यली. गेल्या हिवाळ्यात किल्ल्याच्या भिंतीवर दोरानं उतराचं आपण दोघी शिकलो. अश्वजित सरनं सगळ्यायसमोर सांगतलं होतं का दिव्यानीचा हात जास्त साफ आहे. पण बकरबुडीची गुफा मोजाले सरच्या नागपूरच्या पथकाले गावाकडचं एकच माणूस पायजे होतं. ह्यायची रातपाळी, पियुषची परीक्षा, लहानीचा ताप. मी म्हटलं, तू जाय. तोंडानं म्हटलं, पोटातून नाई म्हटलं.

लहानपणीही असंच. बाबाच्या डोंग्यात तू बसे, अन् मी मायसंगं बाजारात मासे इकत बसो. मोठी आहे ना, तिले कामं आहेत. आता त्या भोकातही तूच. एवढं लिवून मन हलकं होईन वाटलं होतं, झालं नाई. आता एक काम कर, तिथी काय काय आहे ते सारं लिव. तिथी फोन लागत नाई हे बरंच झालं, फोनवर तू दोन वाक्यांत गुंडाळतेस. दसरूभाऊ जिवतीच्या एसटीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती चिठ्ठी देत जाय.

भांडतो तरी माया पातळ होत नाई, हे ध्यानात ठेव.

तुही बाई,
दिव्यानी

●

बकरबुडी कॅम्प, जिवतीचा डोंगर
दि. ११ फेब्रुवारी २०२४

ति. दिव्यानीबाईस मयुरीचा सा. न. वि. वि.

तुही चिठ्ठी सगळ्यायसमोर वाचली अन् हसू आवरलं नाई. मीठ दोनदा पडलं म्हणे. खारट वरण खाणाऱ्या भाटव्यायले माह्याकडून सॉरी सांगजो.

फोटोचं खरं आहे. पाठवाले पायजे होता. पाठवला असता तर तू काय बोलशीन हे माहीत होतं, म्हणून नाई पाठवला.

आता इथलं ऐक. बकरबुडीचं तोंड आपल्या न्हाणीएवढं, पण आत पाय टाकला का सरळ विहीर. ती उतरली का सरच्या अंदाजानं एक ओटा, अन् ओट्याच्या कोपऱ्यातून दुसरी विहीर. अशा किती आहेत कोणाले माहीत नाई, तेच पाहाले आलो. मोजाची रीत अशी: भिंतीवर एका ठिकाणी खूण कराची, तिथून खालच्या खुणेवर लेझरचा लाल ठिपका माराचा. अंतर येते, मग दिशा अन् उतार घ्याचा. मी खालून आकडा ओरडतो, वरचा माणूस तोच आकडा परत ओरडते, जुळला तरच लिवाचा. पण पहिल्या विहिरीची भिंत मधातच पोटासारखी बाहेर आली आहे, म्हणून लेझर वरून बुडापर्यंत पोचत नाई.

आता खरी गंमत. सर म्हणे, लांब दोर दुसऱ्या भोकात अडकला आहे, दहा-बारा दिवस थांबा. मी म्हटलं, थांबाचं काऊन, ही विहीर माह्या बाबानं मोजली आहे. सतरा वाव. गुणवंतरावची बकरी इथी पडली तेव्हा साऱ्या गावानं आपल्या बाबाले बोलावलं, कारण जाळ्याची लांब दोरी एकट्या त्याच्यापाशी होती. सर म्हणे, वाव म्हणजे किती? मी दोन्ही हात पसरून दाखवले, या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत. सरनं माहे हात टेपनं मोजले, सतरानं गुणलं, वर थोडा जास्तीचा धरला. तेवढा दोर आपल्यापाशी आहे. शनिवारी सकाळी मी पहिली उतरणार. पथकात आता मले सारे बाबाची पोरगी म्हणतात.

तू जळतेस, अन् मी इथी डाळभात खाऊन तुह्या हातच्या झिंग्याच्या चटणीसाठी जळतो. हिशेब बरोबर.

पियुषले पास कराची जबाबदारी तुही. माही आठवण काढतानी जरा गोड काढजो.

तुही,
मयुरी

●

घुग्घुस
दि. १४ फेब्रुवारी २०२४

चि. मयुरी हिस अ. आ.

चिठ्ठी मिळाली. झिंग्याची चटणी आता पुढच्या जन्मी.

सतरा वाव तुनं सांगतले म्हणे. त्या दिवशी तू तीन वर्साची होती अन् मायच्या कडेवर झोपली होती. बाबा दोरीले जाळ्याचे शिशाचे मणी बांधून खाली सोडत होता, अन् त्याच्या बाजूले उभी राहून मी मोजत होती. एक, दोन, तीन, मोठ्यानं. सतराव्या वावाले दोरी ढिली पडली अन् बाबानं माह्याकडे पाह्यलं. डोंग्यात कधी घेतलं नाई त्यानं मले, पण त्या दिवशी साऱ्या गावासमोर म्हणाला, किती झाले दिव्या? वर ओढतानी दगडाच्या धारेवर दोरी तुटली अन् सारीच आत गेली. बाबा हसून म्हणाला, बकरी गेली, दोरी गेली, सतरा वाव राह्यले.

ते सतरा वाव माहे आहेत मयुरी. बाबा गेला, त्याचं माह्यापाशी तेवढंच आहे, अन् तेही तू उचलून सरले देलं. अन् बाबाची पोरगी म्हणे. आम्ही मग कोण, शेजारचे?

सरले एवढं तरी सांगतलं का, मोजणारी माही बहीण होती म्हणून? उत्तर पाठवजो. गोड-कडू जे असन ते.

दिव्यानी

ता. क., दि. १६. ही चिठ्ठी दोन दिवस भिंतीतल्या देवळीत पडून आहे. आता नीट वाच. वाव तुह्या हाताचे नव्हते, बाबाच्या हाताचे होते. बाबा उभा राह्यला का त्याची बोटं गुडघ्याले लागत, तुले आठवत नसन. तू बुटकी, तुहे हात बुटके. दोर कमी पडते. हे मले तुही चिठ्ठी वाचतानीच समजलं होतं. लिवलं नाई. म्हटलं पडू दे कमी, सरसमोर जरा तोंड उतरू दे. आज पियुषले शाळेत सोडलं अन् अर्ध्या रस्त्यातून पळत घरी आली. दोर कमी पडला का माणूस अंधारात लटकते, हे मी कशी इसरली? सकाळपासून फोन लावून राह्यली, लागत नाई. दसरूभाऊले बसस्टँडवर गाठून देतो. शनिवारी उतरू नको. उतरली तर दोर लांब घेऊन उतर.

●

कोसंबी
दि. २० फेब्रुवारी २०२४

सौ. दिव्यानी चंदन यांस मयुरीचा नमस्कार.

मोठ्या बहिणीले बाई लिवतात, ते लिवाचं मन नाई.

शनिवारी सकाळी मी उतरली. तुमची चिठ्ठी दुपारी आली. दसरूभाऊनं गाडी थांबवून माणूस धाडला होता, त्याची चूक नाई.

भिंतीच्या पोटाखाली गेल्यावर दोर मोकळा लटकते, भिंतीले पाय लागत नाई. मी मजेत होती. मग हाताले गाठ लागली. दोराच्या शेवटाले गाठ माराची, हा सरचा नियम आहे. ती नसती तर ही चिठ्ठी मायनं लिवली असती. खाली टॉर्च मारला तर ओटा दिसत होता, चांगला दीड-दोन माणूस खाली. मी तशीच लटकत उलटं चढाची तयारी केली. भिंतीच्या पोटापाशी वर येतानी डावा खांदा निखळला. सर उतरून आले अन् मले वर काढलं. चंद्रपूरचा डॉक्टर म्हणते, दीड महिना हात गळ्यात, दोराचं नाव काढाचं नाई.

तुमच्या चिठ्ठीवर दोन तारखा आहेत. मी दोन्ही वाचल्या. तू जळतेस हे मले माहीत होतं. एवढी जळतेस हे माहीत नव्हतं.

अन् तुह्या प्रश्नाचं उत्तर: नाई, तुहं नाव सरले सांगतलं नव्हतं. सांगाले पायजे होतं. तोंडात आलं होतं, गिळलं. किल्ल्यावर सर तुह्या हाताची तारीफ करत तेव्हा मी मागं उभी राहून दोर गुंडाळत राहो, ते मीही इसरली नाई. डोंग्यात बसून मले काय भेटलं? बाबा दिवसभर पाण्याकडे पाहे. मोजाले मात्र त्यानं तुले बाजूले घेतलं.

आता कामाचं. जंगलखात्याची परवानगी महिनाअखेर संपते. सरले माहितीच्या हाताचं माणूस पायजे. त्यायनं तुहं नाव मागतलं, मी देलं. रागानं देलं का मायेनं, इचारू नको. मी अन् माय परवा तुह्या घरी पोरांपाशी येतो, भाटव्यायनं दिवसपाळी मागून घेतली आहे. आम्ही पोचाच्या आधी तू निघ. तुहं तोंड मले आत्ता पाहाचं नाई.

एकच मागतो. साऱ्या विहिरी उतर, सारे आकडे घे, पण शेवटचं बूड माह्यासाठी ठेव. तिथी पहिला पाय माहा. एवढं तू मले देणं लागतेस.

राग आहे तोवर लोभाचं काही लिवत नाई.

मयुरी

●

बकरबुडी कॅम्प
दि. २९ फेब्रुवारी २०२४

चि. मयुरी हिस दिव्यानीबाईचे आशीर्वाद, तुले चालत असतील तर.

खांदा कसा आहे? तेल लावतानी मायले जोर लावू देऊ नको, तिचा हात म्हणजे वरवंटा. लहानी रात्री पाणी मागते, तिचा गिलास खिडकीत आहे.

आल्या आल्या सरले सारं सांगतलं. मोजणारी मी होती हेही, अन् चिठ्ठी देवळीत ठेवली हेही. सरनं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, तोंडी मापावर दोर लावू देला ही चूक माही. अन् मले म्हणाले, दोराच्या शेवटाची गाठ आता रोज तुम्हीच माराची अन् मले दाखवाची. रोज दाखवतो.

पहिल्या विहिरीच्या ओट्यावर पाय टेकला अन् पायात काही गुंतलं. वटवाघळांच्या घाणीत बाबाची दोरी पडली होती मयुरी. निळी नायलॉनची, अजून सडली नाई, शिशाचे मणी तसेच. तुटकं टोक हातात घेतलं अन् मी हात पसरून वाव घालत गेली. एक, दोन, तीन, मोठ्यानं, वरून सर ओरडून इचारत होते का काय झालं. सतरा भरले, अन् वरतं चार बोटं उरली. माहे हात बाबाचे आहेत. सारी जिंदगी ब्लाउजच्या बाह्या आखूड होतात म्हणून तुम्ही मले हसल्या. मी तिथंच बसून लय रडली. बाबासाठी का तुह्या खांद्यासाठी, मले सांगता येत नाई.

त्याच्या खाली आणखी तीन विहिरी निघाल्या. आज शेवटच्या दिवशी चौथीत मीच उतरली. बूड दिसलं. ओली पिवळी माती, सपाट, उंदराचाही पाय उमटलेला नाई. मयुरी, खरं सांगतो, तुही चिठ्ठी आठवली अन् राग आला. म्हटलं, सापडलं मले, दोर माहा, हात माहे, अन् पाय तिचा काऊन? कोण पाहून राह्यलं? दोन बोटं ढिली केली असती तर उभी होती मी तिथी. लय वेळ लटकली. वरून सर तीनदा ओरडले.

मग तिथूनच, लटकता लटकता, बुडावर लाल ठिपका मारला अन् आकडा ओरडला. वरून जुळला. नकाशा पुरा झाला, त्याले पाय लागत नाई. सर कुरकुरले, मग म्हणाले, पावसाळ्यानंतर परवानगी भेटली का मयुरीले आणू. बाबाची दोरी ओट्यावरच गुंडाळून ठेवली आहे, ती तू वर आणजो.

पण मी सुधरली असं समजू नको. माहे तळवे अजून खाजवून राह्यले. हात लवकर बरा कर. पुढच्या येळेस तू नाई आली तर मी थांबणार नाई, हे आताच सांगून ठेवतो.

भांडाले तरी घरी थांबजो, मी उद्या संध्याकाळच्या गाडीनं येतो.

तुही बाई,
दिव्यानी

ता. क. बुडाच्या वर एक वाव मोकळा सोडला आहे. माह्या हाताचा एक. तुह्या हातानं तो सव्वा होईन, दोर जास्तीचा घेजो.