सरकारनं सरकारवर घातलेली केस

आबा, तुमची पणती वकील झाली. काळा कोट घालून दिल्लीच्या कोर्टात जाते आणि मधल्या सुट्टीत मला फोन करून विचारते, आजी, जेवलीस का. पोरीचं किती सांगू! आवाज तुमच्यावर गेलाय, भांडताना चढायच्या ऐवजी खाली येतो. तर मुद्दा राहिलाच. लष्कराच्या तोफांच्या सरावासाठी आपलं शिवार कायमचं घ्यायचं निघालं. हुकूम दिल्लीचा. पण राज्य सरकार म्हणालं, आम्हाला न विचारता जमीन घेता येणार नाही, आणि स्वतःच्या तिजोरीतून वकील देऊन दिल्लीवर केस घातली. त्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली आपली पोरगी! मी गावभर पेढे वाटले. शेजारची म्हातारी पेढा तोंडात घालून म्हणते, "हिकडचा वकील आपल्याच पैशानं, तिकडचाबी आपल्याच पैशानं. मग भांडतंय कोण गं?" मी म्हटलं, "तू पेढा खा गुमान."

लहानपणी तोफांच्या दिवशी टेकडीवर लाल निशाण लागायचं, की गुरं घेऊन सगळ्यांनी ओढ्यापलीकडं जायचं. आई चूल विझवते आहे, आणि तुम्ही सगळ्यात शेवटी हंडा काठोकाठ भरून दारात ठेवता. मी म्हणते, "गोळा पडला तर फुटंल की." तुम्ही डोळे वटारता. "भरला हंडा ठिवून गेलेलं मानूस माघारी येतंच. लई शानपना नको." संध्याकाळी निशाण उतरतं. परत आल्यावर त्यातला पहिला तांब्या तुम्ही मला देता. तसलं गार पाणी पुन्हा प्यायले नाही.

मागल्या महिन्यात पोरीचा फोन आला. दोन्ही सरकारांचं जमलं म्हणे. राज्यानं वकिलाचा खर्च थांबवला, केस मागं घेतली. मी म्हटलं, "मग आपन करू की केस." तर म्हणाली, "आजी, सरकार उभं होतं म्हणून इतके दिवस ऐकून घेतलं. आपल्या एकट्याचं कुठवर चालेल?" रडत होती, आणि मला वेडीला तेवढ्यातही वाटलं, किती नीट समजावून सांगते!

घरं मोकळी करायची नोटीस दारोदार लागली. आता निशाण उतरायचं नाही. उद्या सकाळी टेम्पो येईल. मघाशी पोरीनं फोनवर विचारलं, "आजी, हंडा भरशील ना गं?" मी म्हटलं, "भरला की."

भरला नाही, आबा. पालथा घातलाय. तिला सांगवलं नाही. हा कागद त्याच्याखालीच ठेवते.