कोंडाबाईचे ठोके आणि माझी नोकरी

भाग्यनगर, नांदेड
गुरुवार

तीर्थस्वरूप कोंडाबाई आत्या यांच्या पायांवर डोकं ठेवून सुकन्याचा नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि उचललाच तर "मेल्या माणसाला कशाला फोन करतीस गं?" म्हणून ठेवून देता. इकडे मी खुशाल आहे. तुमची खुशाली विचारायची रीत आहे, पण तुम्ही धडधाकट आहात हे जळकोटापासून उदगीरपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांनी स्वतः येऊन डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे काय विचारावं ते कळेना. तरी बीपीची गोळी रोज घेत जा. मामांचा खोकला कमी आहे का? म्हैस व्याली का?

आत्या, आधी मी काय काम करते ते सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झालाय. माझ्या कामाला डेव्हऑप्स म्हणतात. (यातला देव आपला नव्हे. अण्णांनी जळकोटात पोरगी कुठल्याशा देवस्थानात लागली म्हणून सांगून ठेवलंय, लोकं मान देऊन राहिलेत, तर ते तसंच राहू द्या.) कंपनीत काही जण प्रोग्राम लिहितात आणि काही जण तो मशिनीवर चालवतात. बंद पडला की लिहिणारे म्हणतात तुम्ही नीट चालवला नाही, चालवणारे म्हणतात तुम्ही नीट लिहिला नाही. कालवण बिघडल्यावर सासू सुनेकडं बघते आणि सून सासूकडं, तसं. त्या दोघींच्या मधे उभं राहायचं आणि काहीही होवो, ताट वेळेवर वाढलं जाईल असं बघायचं, हे माझं काम. एवढ्यासाठी इंजिनिअरिंग आणि वर वेगळा क्लास कशाला लागतो हे अण्णांना आजवर पटलेलं नाही. आमच्या कंपनीचं ॲप शेतकऱ्यांना मोबाईलवर सोयाबीनचा आणि तुरीचा भाव दाखवतं. ते ज्या मोठ्या मशिनींवर चालतं त्या नांदेडात नाहीत, लांब कुठंतरी थंडगार खोलीत आहेत. आम्ही त्या कधी बघितल्या नाहीत, इथूनच त्यांची सेवा करायची. (असं लिहिल्यावर वाटतं, अण्णा फार काही खोटं सांगत नाहीत.)

आता नावाचं. आमचे साहेब आनंदराज सर म्हणाले, मशिनींना नंबर नकोत, नावं द्या, ध्यानात राहतात. तेव्हा सगळ्यांत दणकट मशिनीला मी तुमचं नाव दिलं. जिच्यावर घरादारानं आपापलं ओझं टाकावं आणि जिनं एक दिवस न बसता ते उचलावं, अशी दुसरी कुणी मला आठवेना. मानानं दिलं, आत्या. ऑफिसात रोज तुमचं नाव निघायचं. "कोंडाबाई आहे म्हणून निभावून राहिलंय" असं सर स्वतः म्हणायचे, आणि मला उगीचच पाठीवर थाप मिळाल्यासारखं व्हायचं.

मशीन जिवंत आहे हे कळावं म्हणून ती सारखी एक खूण पाठवत असते, त्याला आमच्यात ठोके म्हणतात. (इंग्रजीतही ठोकेच म्हणतात. मी मनानं काढलेलं नाही, तुमच्या संगमेशदादाला विचारा.) ठोके थांबले की आपोआप मोबाईलवर मेसेज जातो. इंग्रजी मेसेज कुणी वाचत नाही म्हणून सरांनी तो शुद्ध मराठीत लिहायला लावला, आणि कुणीतरी उत्तर देईपर्यंत जातच राहील अशी व्यवस्था करायला लावली. तो जायचा होता कंपनीच्या ग्रुपवर. त्या ग्रुपचं नाव "आपला परिवार". सरांचं म्हणणं, कंपनी म्हणजे एक कुटुंबच. (सुट्टी मागितली की हे ऐकायला मिळतं.) आणि आपल्या घरच्या ग्रुपचंही नाव तुमच्या संगमेशनं तेच ठेवलंय. दोन्ही एकाखाली एक दिसत होते. मी एकावर बोट ठेवलं.

मंगळवारी सकाळी सोयाबीनचा भाव चढला. अख्खा जिल्हा एकदम ॲप उघडून बसला आणि कोंडाबाई, म्हणजे मशीन, बंद पडली. लगेच घरच्या ग्रुपवर मेसेज: "कोंडाबाईचे ठोके थांबले आहेत. तातडीने लक्ष द्यावे." थोड्या वेळानं परत: "अजूनही ठोके नाहीत." अण्णांनी तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडं निलंग्यात लाईट गेलेली, घरातले सगळे मोबाईल मेलेले. फोनमधली बाई म्हणाली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. अण्णा आईला म्हणाले, "बघ, फोनवाल्या बाईला बी कळलंय."

मग त्यांनी मला फोन केला. सकाळपासून ऑफिसात जो तो "कोंडाबाईचं काय झालं" हेच विचारत होता, त्यामुळे माझ्या डोक्यात दुसरी कोंडाबाई उरलीच नव्हती. शिवाय ॲपवर भाव दिसला नाही की अण्णा नेहमीच फोन करतात.

"सुकन्या, कोंडाबाईचं खरं हाय का गं?"

"हाव अण्णा. सकाळीच गेली."

"अगं, पण असं एकाएकी?"

"एकाएकी कुठं? लई दिवसांपासून लोड होता. एकटीच सगळ्यांचं उचलून राहिली होती. मी आधीच बोलले होते, पण कुणी ऐकलं न्हाई."

अण्णांना हुंदका आला. मला वाटलं, माल घरात पडून आहे आणि भाव दिसेना, म्हणून जीव तुटून राहिलाय. मी धीर दिला, "रडू नका. उठती का बघते. न्हाई उठली तर दुसरी उभी करते, हिचं सगळं तिच्यावर टाकते. संध्याकाळपर्यंत कुणाला फरक बी कळायचा न्हाई."

अण्णा म्हणाले, "तू इंजिनिअर झालीस पोरी, पण माणूस राहिली न्हाईस." आणि फोन ठेवला. मी एवढंच म्हटलं, सोयाबीनपायी माणूस किती कडू होतो.

आई सांगते, जळकोटहून जीप निघाली, उदगीरला आणखी पाहुणे चढले, आणि सगळ्या वाटेनं अण्णा एकदाच बोलले, "मला शाळेत हिनंच हात धरून नेलंतं." ते ऐकून ड्रायव्हरसुद्धा रडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी संगमेशदादानं सांगितलं तसं लिहिते. तुम्ही अंगणात शेंगा फोडत बसला होता. अण्णा जीपमधून उतरले ते हंबरडा फोडूनच. उपरण्यात तोंड खुपसलेलं, त्यांनी काही बघितलंच नाही. तुम्हाला वाटलं जळकोटात कुणीतरी गेलं, म्हणून तुम्हीही सूप टाकून अण्णांच्या गळ्यात पडला आणि मोठ्यानं रडायला लागला. शेजारच्या गौरम्मा "अय्यो, अय्यो" करत आल्या आणि काही न विचारता सामील झाल्या. दादा म्हणतो, अशा मनापासून रडण्यात मधे बोलायची कुणाची छाती होईना. पाहुण्यांपैकी काहींना तुम्ही दिसत होता, पण आपल्यालाच भास होऊन राहिला असेल म्हणून ते गप्प राहिले. शेवटी मामा आतून खोकत आले आणि म्हणाले, "गेलं कोण, ते तरी सांगा."

सगळे थांबले. अण्णांनी उपरणं बाजूला केलं, आपण कुणाच्या गळ्यात आहोत ते बघितलं आणि मटकन खाली बसले. नेमकी तेव्हाच इकडं माझी मशीन चालू झाली आणि सगळ्या पाहुण्यांचे मोबाईल एकदम वाजले: "कोंडाबाई उठली आहे. ठोके व्यवस्थित."

त्यानंतर गावातल्या बायका नारळ घेऊन तुमच्या पाया पडायला आल्या, यात माझा दोष नाही, आत्या. वरती काय बघितलंत असं एकीनं विचारल्यावर "तिकडं बी लाईट न्हवती" हे उत्तर तुम्हीच दिलंत.

आता अण्णांचं रडणं संपून राग सुरू झालाय. माझ्या बहिणीला जिनं मारलं ती नोकरी मला नको, येत्या रविवारी सामान घेऊन जळकोटला ये, असा निरोप आहे. मी काही तक्रार करत नाही. जे नशिबात असेल ते होईल. मला फक्त तुमचा राग गेलेला हवा, बाकी काही मागणं नाही.

मामांना नमस्कार, संगमेशदादाला ग्रुपचं नाव बदलायला सांगणे.

तुमचीच भाची,
सुकन्या

ता. क. मागणं नाही असं लिहिलं, पण एक आहे. शनिवारच्या आत अण्णांना फोन करून सांगा की पोरीची नोकरी राहू दे. ते जगात फक्त तुमचं ऐकतात, आणि सध्या तर तुम्ही वर जाऊन आलेल्या, तुमचा शब्द मोडायची त्यांची हिंमत होणार नाही. मला हे काम खरंच आवडतं, आत्या. बंद पडलेलं परत चालू झालं की त्या दिवशी जेवण गोड लागतं.

ता. क. २. आनंदराज सरांना हे सगळं कळलं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, कंपनीतल्या लोकांना मेसेज गेला असता तर खुर्चीतून कुणी उठलं नसतं, तुझ्या माणसांनी जीप काढली. तेव्हा मेसेज घरच्याच ग्रुपवर जाऊ द्या, असा त्यांचा हुकूम आहे. मी मशिनीचं नाव तेवढं बदललं. आता तिचं नाव उमाशंकर. काल ती बंद पडली आणि "उमाशंकर यांचे ठोके थांबले आहेत" असा मेसेज गेला. दुपारपर्यंत कुणी हललं नाही. मग आईनं "बरं" लिहिलं आणि अण्णांनी अंगठा पाठवला. एकट्या मामांचा फोन आला. विचारत होते, "पोरी, म्या कवा गेलो?" मी म्हटलं, "सकाळी गेला होता मामा, आता बरे आहात." ते "बरं बरं" म्हणाले आणि तुरीचा भाव विचारून फोन ठेवला.