सालदाराचं ताट

३ मे ६२, गुरुवार
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सोमवारी. सोनजी आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर वावरात राबणारा; त्याचं साल त्या दिवशी संपतं. आखाजीला ज्याच्या ओट्यावर बसून सालदार पुरणपोळी खाईल, वर्षभर त्याचा. सोनजीला दर साली मी हाक मारून बोलावते, माझ्या हाताने वाढते. यंदा म्हणे नंदुरबारच्या कापसाच्या जिनवाल्यांशी बोलणं चाललंय. शेजारणीने सांगितलं, आणि तोंड असं केलं की जणू तिच्याच घरी लग्न आहे.
यंदा हाक मारणार नाही. गरज त्याला आहे. येईल मुकाट्याने.

७ मे, आखाजी
आला नाही. ताट झाकून ठेवलं होतं ते दिवस कलल्यावर गाईपुढे टाकलं. सून काशी म्हणाली, "जाऊन बोलवा ना आत्याबाई." तिला म्हटलं, तू तुझी चूल बघ.

८ मे
शेवटी गेलेच त्याच्या झोपडीशी. बसायला गोणपाट टाकलं मेल्याने, बसले नाही.
"आला का नाहीस?"
"माले तुम्ही बलावं नही ना माय. दिनभर वाट दखी मी. आते जिनवालासले व्हय सांगी दिधं."
म्हटलं, तिथे तुला कोण पुरणपोळी वाढणार?
"तठे भोंगा तरी बलावस."
बायको खुदकन हसली. दोघांचं तोंड बघायचं नाही आता. उभी हयात...
जाऊ दे.

१४ मे
माणूस मिळत नाही. अर्ध्या गावाला रस्त्याच्या कामाचं वेड, उरलेल्यांना जिनचं. तरणे सगळे गाडीत बसून सुरतेला. आमचाही तिथेच, काशीचा नवरा, मागावर उभा राहून दुसऱ्याचं कापड विणतो. निरोप धाडला, वावर बटाईने, अर्ध्या वाट्यावर, द्या. अंगावर आमच्याच कापसाचं सूत आणि शहाणपण शिकवतो!
नातू मधू मॅट्रिक झाला. त्याला म्हटलं, वखर धर.
"मोठी माय, मॅट्रिकवाला वखर धरस का? माले शहादाले आफिसमा लागनं शे."
कसल्या आफिसात? साहेबाला पाणी द्यायला. ते चालतं. बापजाद्यांच्या बैलामागे चालायला लाज वाटते. केसाला तेल मात्र माझ्या घरचं.

२६ मे
नदीकडच्या वावरात कुंद्याचं गवत माजलं. मिरग तोंडावर आला. आता वखर नाही फिरला तर यंदा कपाशी विसरा.
सकाळी गोठा रिकामा. वावरात जाऊन बघते तर काशी! लुगडं खोचून वखरावर उभी. बाईने निंदावं, वेचावं, डोक्यावर भारे वाहावेत. औताला हात लावलेला सात पिढ्यांत ऐकला नाही. बांधावर माणसं गोळा झालेली, तोंडं उघडी टाकून. एकाने विचारलं, "काकू, तुमनी सून सालदार व्हयनी का?" त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग काशीला ओरडले, उतर म्हणून. मान वळवली नाही. वखराचं तास मात्र सरळ होतं. सोनजीचं नेहमी बांधावरच्या लिंबाच्या झाडाकडे झुकायचं.

२७ मे
निम्मं वावर झालं. दुपारी बैल सोडून घरी आली, हातपाय धुतले आणि सरळ ओट्यावर सोनजीच्या जागी बसली. आमचे हे होते तोवर सासऱ्यादेखत कधी ओट्यावर आली नव्हती.
म्हटलं, हे काय?
"ताट वाढा. मंग उरेल वावर वखरसू."
"सुनेला कोणी ताट वाढतं का गं?"
"सुनले नही. गेल्या साले शिरगणतीवालाले तुम्हीच सांगं ना, सून काही काम करत नही, घरमाच ऱ्हास म्हनीसन? तर सून घरमा. मी सालदार शे. वाढा."
आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.
मधू म्हणाला, मोठी माय, वाढून टाक ना. त्याला म्हटलं, तू वखर धरतोस? गेला बाहेर.
भाकरी नेऊन दिली, तर म्हणते भाकरीवर साल बांधत नाहीत.
बैल दारात उभे. ती अजून ओट्यावर. येणारे जाणारे बघताहेत. उठवायला गेले तर वावर पडीक. वाढायला गेले तर उद्यापासून ह्या घरात कोण कुणाची सासू.
आणि इतकी वर्षं घरातलं पुरण तिनेच वाटलंय. सोनजीच्या ताटातलंसुद्धा. मी नुसती वाढायची.
डाळ शिजत घातली आहे. कुणासाठी ते बोलले नाही. पाटा धुऊन ठेवला, वाटायला माझेच हात लागतील. पोळीवर तूप घालायचं की नाही, ते डाळ शिजल्यावर बघू.