नऊ नंबरवर कोण?

२६ सप्टेंबर, सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या मागाहून सापडतात, तेव्हा अक्षर नीट काढायचं.
पद: नेटवर्क इनचार्ज, पारिसा आप्पांची तंबाखू वखार, निपाणी. पत्र मिळालेलं नाही, पण ऑफिसात खुर्ची मिळाली आहे आणि पंखा बरोबर डोक्यावर येतो. अकरा वर्षं गेटवरच्या वजनकाट्याच्या खोलीत काढली. मार्चमध्ये मी प्रिंटर बंद करून परत चालू केला, तो चालला, आप्पांनी त्याच दिवशी आत घेतलं. गुण लपत नाहीत.

दुपारी ३
दोन दिवस झाले, नेट रखडलंय. ऑफिसच्या कारकून राजमती आक्कांची माल न्यायची ई-वे बिलं निघत नाहीत. बिल नाही तर ट्रक हलत नाही. गेटवर दोन ट्रक उभे, ड्रायव्हर यल्लाप्पा गाडीखाली आडवा. आप्पांनी विचारलं, काय झालंय. मी म्हणालो, वरून प्रॉब्लेम आहे. 'वरून' हा शब्द कंप्युटरच्या धंद्यात फार उपयोगी.
मेव्हणीच्या लग्नाचा व्हिडिओ अखेर मिळाला. लग्न मे महिन्यातलं. ड्रोनचं शूटिंग, चार तासांचं. घरी नेट बेताचं, म्हणून परवापासून ऑफिसच्या मशीनवरून नेटवर बॅकअपला लावलाय. आपोआप चढतो, बघावंही लागत नाही. तीन टक्के झाला.

२७ सप्टेंबर
संकट. आप्पांचा पुतण्या सन्मती बेळगावात शिकून आलाय. त्याचं म्हणणं, बेळगावच्या एका कंपनीला बोलवू, ते विकतचं सॉफ्टवेअर बसवतील, नेट कोण खातंय ते कळेल. आप्पा मान हलवायला लागले होते. मी मध्ये पडलो. म्हणालो, विकत कशाला? आपल्या राउटरमध्ये आणि स्विचमध्ये सगळं आतूनच दिलेलं असतं. कुठल्या पोर्टातून किती गेलं, किती आलं, मशीन स्वतः सांगतं. मी यूट्यूबवर बघितलंय. (शेवटचं वाक्य मनात.)
आप्पांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. चोर सापडला तर इनचार्जचं पत्र. नाही सापडला तर बेळगावची कंपनी आत आणि मी परत काट्यावर.
रचनाला अजून सांगितलेलं नाही. तिनं माहेरी सांगून टाकलंय की मी आता इंजिनिअर आहे.

२९ सप्टेंबर
पद्धतशीर काम सुरू. स्विच म्हणजे सगळ्यांच्या वायरी एकत्र येतात तो डबा; त्याच्या बारा पोर्टांत, म्हणजे भोकांत, बारा निळ्या वायरी. कुठली कुणाची? एकेक उपटायची आणि कोण ओरडतंय ते ऐकायचं. वहीत यादी: ४ नंबर मी, ९ नंबर राजमती आक्का, १२ नंबर आप्पा. (आप्पा दोनदा ओरडले.) आता ही यादी म्हणजे वेद.
स्विचचे आकडे दाखवणाऱ्या पानाचा पासवर्ड मात्र मिळत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
वखारीत सगळ्या यंत्रांची पूजा. काटा, शिलाई मशीन, आप्पांची गाडी. मी म्हणालो, स्विचनं काय पाप केलंय? बाराही वायरी काढल्या, स्विच ओल्या फडक्यानं पुसला, पाटावर ठेवला, हळदकुंकू, झेंडूचा हार. उलटा करून पुसताना बुडाला चिकटवलेला पासवर्ड दिसला. देव असा पावतो.
परत लावताना विचार केला, शुभ कामाला डावीकडून सुरुवात नको. उजव्या टोकापासून एक, दोन, तीन करत बाराही लावल्या. सगळे दिवे लागले. आक्का म्हणाल्या, वायरींना आधी चिठ्ठ्या तरी चिकटवायच्या रं, मी पोत्यांना चिकटवते तशा. मी म्हणालो, पाठ आहेत.

४ ऑक्टोबर, सकाळी ११
पान उघडलं. प्रत्येक पोर्टासमोर आकडे पळतायत. बाकीच्यांचं चिमूटभर, आणि ९ नंबर धो धो.
९ नंबर म्हणजे आक्का.
वाईट वाटलं. बाई साध्या वाटतात. मी काट्यावर असताना चहा कुणी पाठवायचं नाही, आक्का न चुकता पाठवायच्या. पण कर्तव्यापुढे चहा काय.
४ नंबर, म्हणजे मी, दिवसाला अगदी थोडकं. माझा मलाच अभिमान वाटला.

७ ऑक्टोबर
४ नंबरला पहिला मान दिला. स्विचमध्ये तशी सोय आहे, कुणाला आधी सोडायचं ते ठरवता येतं. तपास करणाऱ्याला वेग पाहिजेच. पण माझं मशीन होतं तसंच. उलट आक्कांची दोन बिलं पहिल्या फटक्यात निघाली, त्यांनी मला मुद्दाम येऊन बरं वाटलं म्हणून सांगितलं. साळसूदपणा बघा. उपयोग नाही म्हणून मान काढून घेतला. बिलं परत अडकली.

८ ऑक्टोबर
आक्का आज रजेवर, सदलग्याला माहेरी. ९ नंबर तरीही धो धो.
म्हणजे बाई सदलग्यातून चालवतायत. मुरलेल्या आहेत.
बॅकअप ४० टक्के.

१० ऑक्टोबर
स्विचमध्ये आरशाची सोय असते. एका पोर्टातून जाणाऱ्या सगळ्याची नक्कल दुसऱ्या पोर्टात दिसते. ९ नंबरला आरसा लावला. आतलं काही वाचता येत नाही, सगळं कुलूपबंद, पण माल कुठं चाललाय ते कळलं. फोटो-व्हिडिओ साठवणाऱ्या एका कंपनीकडे.
पुरावा! आक्कांना नात झालीय, आरोही. दिवसभर फोनवर तिचे फोटो. आता कोडं सुटलं. नात गोड आहे, पण म्हणून यल्लाप्पानं गाडीखाली झोपायचं का?

११ ऑक्टोबर
आप्पांना द्यायचा अहवाल टाइप केला. नाव घातलं नाही, सभ्यता म्हणून फक्त 'नऊ नंबर' लिहिलं. "सदर नऊ नंबर कामाच्या वेळात घरगुती व्हिडिओ चढवून संस्थेचं नुकसान करत असून त्यास कामावरून दूर करावे."
प्रिंटर आक्कांच्या टेबलावर आहे, हे प्रिंट दिल्यावर लक्षात आलं. पळत गेलो. आक्कांनी वाचला होता. शुद्धलेखनाच्या दोन चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून हातात दिला आणि विचारलं, नऊ नंबर कोण रं हा? मी म्हणालो, गोपनीय आहे. त्या म्हणाल्या, ज्याचं असंल त्याला आधी एकदा तोंडानं विचार, पोटावर मारू नको.
अहवाल घेऊन जागेवर आलो. थोडं कसंतरी झालं. जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

१४ ऑक्टोबर
आप्पांनी अहवाल वाचला. म्हणाले, गुरुवारी सगळ्यांसमोर दाखव. सन्मतीही येणार. येऊ दे. बघू दे काट्यावरचा माणूस काय करतो.
संकल्प: (१) पांढरा शर्ट. (२) नाव घेताना आवाज चढवायचा नाही. (३) पत्र मिळालं की ते फ्रेम करायचं.
रचनाला सांगितलं, गुरुवारी पेढे आणीन.

१६ ऑक्टोबर, दुपारी १२.३०
घडलं तसं लिहून ठेवतो.
गेटवर तीन ट्रक. आप्पा, सन्मती आणि आक्का माझ्या टेबलाभोवती. मी यादी दाखवली, आलेख दाखवला, आरसा समजावला. आप्पांना काही कळलं नाही, पण ते प्रभावित झाले. मग म्हणालो, आता नऊ नंबर बंद करतो, चोर आपोआप कळेल. आक्कांकडे बघायचं टाळलं. बटण दाबलं.
माझं पान गेलं. 'इंटरनेट नाही.'
मी म्हणालो, थांबा, वरून प्रॉब्लेम आहे.
तेवढ्यात मागं प्रिंटर सुरू झाला. एक बिल, दुसरं बिल, तिसरं. तीन आठवडे रखडलेला प्रिंटर थांबायला तयार नाही. बाहेर यल्लाप्पानं इंजिन चालू केलं.
सन्मतीनं माझ्या मशीनची वायर हातात धरली आणि बोटं सरकवत स्विचपर्यंत गेला. अर्धं मिनिट लागलं असेल. वायर नऊ नंबरात होती. मग आक्कांची धरली, ती चार नंबरात. त्यानं विचारलं, वायरी कुणी उलट्या लावल्यात? सगळे हाराकडे बघायला लागले. झेंडू सुकला होता.
माझ्या पडद्यावर कोपऱ्यात एक खिडकी उघडी राहिली होती. 'रचनाच्या बहिणीचं लग्न, भाग दोन. बॅकअप थांबला. ६१ टक्के.'
आप्पांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.
मी म्हणालो, दोन मिनिटांत माझं पोर्ट परत चालू करतो. पण ते चालू करायचं पान माझ्याच मशीनवर, आणि माझं मशीन बंद. आप्पा म्हणाले, "चाललंय ते चालू दे. नऊ नंबर बंदच बरा हाय."

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
शांतपणे विचार केला. चोर शोधायचा होता, शोधला. बंद करायचा होता, केला. विकतचं सॉफ्टवेअर लागलं नाही, बेळगावची कंपनीही आली नाही. तिन्ही ट्रक गेले. मी दिलेलं एकूण एक आश्वासन पाळलंय. पत्राचा विषय मात्र निघाला नाही.
पेढे आणले नाहीत. रचनाला म्हणालो, बाजार बंद होता.

१७ ऑक्टोबर, वजनकाटा
इथं नेटच नाही, त्यामुळे डोक्याला ताप नाही. पंखाही नाही.
सकाळी ऑफिसात हिशेबाची वही न्यायला गेलो होतो. बाराही वायरींना आक्कांनी पोत्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. आप्पा, प्रिंटर, सन्मती, आक्का. नऊ नंबरच्या चिठ्ठीवर माझं नाव. पोर्ट बंद, पण नाव लिहिलंय. उभ्या उभ्या लाज वाटली, खरंच वाटली.
अकरा वाजता चहा आला. या वेळी आक्का स्वतः घेऊन आल्या. माझा अहवाल त्यांच्याकडेच होता, आप्पांनी फाइल करायला दिलेला. 'कामावरून दूर करावे' ही ओळ त्यांनी पेन्सिलीनं खोडली होती. म्हणाल्या, आप्पांस्नी सांगितलंय मी, माणूस चुकतो, पोटावर मारू नका, काट्यावर तरी ऱ्हाऊ दे.
मी चहा घेतला. माफी मागायची होती. शेवटी विचारलं, आरोही कशी आहे. त्या फोन काढून फोटो दाखवायला लागल्या. एक तास बघितले.