पुरचुंड्यांच्या गाठी

नाशिक, गुरुवार, १२ ऑक्टोबर १९७८

गेल्या वर्षी आलेल्या त्या परदेशी प्रोफेसरचं पत्र आज कॉलेजात आलं. सोबत त्याचा छापून आलेला लेख, पेठच्या डोंगरातल्या भाताच्या जातींवर. डोंगर मी तुडवले, बियाणं मी मागून आणलं आणि लेखावर नाव त्याचं एकट्याचं. माझे आभार शेवटच्या ओळीत, जीपच्या ड्रायव्हरशेजारी. याला म्हणे संयुक्त संशोधन!

वर मागणी काय, तर कोणतं भात लवकर येतं नि कोणतं उशिरा, ते कळवा. अरे शहाण्या, ते सगळं गाठींत होतं! पेठच्या एका म्हातारीने एकेक बियाणं लुगड्याच्या चिंधीत, प्रत्येकाला वेगळी गाठ मारून, बांधून दिलं होतं. "मास्तर, गाठी सोडू नका, तीच त्यांची वळख हाय," असं मला बजावलंही होतं. पण ह्या विद्वानाला चिंध्या घाणेरड्या वाटल्या. त्याला पांढरी पाकिटं हवी होती, नंबर घातलेली.

प्राचार्य तर हरखलेच. "लगेच उत्तर टाका, कॉलेजचं नाव होतंय!" कसलं डोंबलाचं नाव? लेखात कॉलेजचा उल्लेखसुद्धा नाही. नुसती लाचारी.

घरी येऊन चांगलं झोंबणारं उत्तर लिहायला बसलो. 'गाठी तुम्ही कापल्यात, आता भोगा.' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. गाठींचा अर्थ मी तरी कुठे लिहून ठेवला? म्हातारीचं बजावणं त्याला सांगितलं तरी होतं का? नाही. त्याच्यासमोर मलाही त्या चिंध्यांची लाज वाटत होती.

कात्री ऑफिसातून मीच धावत आणून दिली होती.