पहिला चमचा माझ्या हातचा

मी, वनमाला लवू परब, वय ६९, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहती खोली माझ्या नावावर आहे. ती मुलगा नितेश याला मिळावी. अट एकच. त्याचे वडील हयात असेपर्यंत याच खोलीत राहतील आणि त्यांना सध्याची बाई उत्तराच सांभाळेल. दुसरी बाई आणू नये.

२. हे लिहिताना माझा जळफळाट होतो, तोही नोंदवते. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, उत्तरा दिवसभर आमच्याकडे असते. पंचेचाळीस वर्षं ह्यांना वाढलं मी. आता मी घास पुढे केला की तोंड मिटतात, आणि तिने म्हटलं की शहाण्या मुलासारखा आ करतात. हाकही तिलाच. अडीअडचणीला म्हणून तिने फ्रिजवर कागद लावलाय. त्यावर १०८ आहे, डॉक्टर आहेत, नितेश आहे, माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही घरातच असता ना, काकी."

३. त्याच कागदावर वर लिहिलंय की पातळ काही पाजायचं नाही, ते श्वासनळीत जातं. मला पाठ होतं. तरी गेल्या मे महिन्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा मी ह्यांना पडल्यापडल्याच सोलकढी पाजली. माझ्या हातची अजून आवडते का, एवढंच बघायचं होतं. तिसऱ्या घोटाला श्वास कोंडला, ओठ निळे पडले. मी वाटी धरून उभी राहिले. उत्तरा आली, ह्यांना उठवून पुढे वाकवलं, पाठीत थापा मारल्या आणि मला म्हणाली, "काकी, १०८ लावा. पत्ता कागदावर आहे, वाचा."
ह्यांचा जीव वाचला. नितेशला तिने फक्त ठसका लागला असं सांगितलं आणि वाटी धुऊन ठेवली. चांगुलपणातही तीच पुढे, हे मला आजही सोसत नाही. म्हणून खरं इथे लिहिते. चूक माझी होती.

४. तेव्हापासून दर सोमवारी ती माझ्याकडून उशीवर थापा मारायचा सराव करून घेते आणि पत्ता पाठ म्हणवून घेते. नितेश आणि सून जान्हवी यांनीही हे शिकावं. तोवर खाण्यापिण्याच्या कपाटाची किल्ली उत्तराकडेच राहील.

५. माझ्या पाटल्या उत्तराला. हिरवी पैठणी जान्हवीला. उत्तराला ती जास्त शोभली असती, म्हणूनच तिला नाही. उत्तरा होती म्हणून भाऊ वाचला, असं नणंद रुक्मिणी चारचौघांत म्हणाली. खरं आहे. तरी रुक्मिणीला काही नाही.

६. माझ्यामागे उत्तराने सोलकढीत डॉक्टरांनी दिलेली पावडर घालून ती घट्ट करावी, ह्यांना ताठ बसवावं आणि चमच्याने द्यावी. पहिला चमचा वनमालाच्या हातचा, असं सांगून द्यावा. त्यावरही ह्यांनी उत्तरालाच हाक मारली तर मारू द्यावी. ऐकायला मी नसेन.

वाचून पाहिलं, एक शब्दही बदलायचा नाही.

सही: वनमाला लवू परब
साक्षीदार: १. कुंडलिक राणे, शेजारी २. वसुधा सामंत, शेजारी
विक्रोळी, दि. १९ जानेवारी २०२६