आईने कोणाकडे राहावं

‘भांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं असं सांगा, की तो मान हलवेल,’ असं बाबा, कै. मुरलीधर सरंजामे, आम्हा भावंडांना लहानपणी सांगत. ते स्मरून मी, मृणाल सरंजामे, वय ४६, राहणार गुरुग्राम, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. सतराव्या मजल्यावरचा माझा फ्लॅट आई इंदुमती हिला. ती नसल्यास धाकटा भाऊ पुष्कर याला. आईने तो विकावा, भाड्याने द्यावा किंवा कुलूप लावावं. तिने त्यात राहिलंच पाहिजे, अशी अट नाही.

२. बँकेतली ठेव पुष्करच्या मुलीला, अक्षयाला.

३. पांढरा फळा विद्यार्थिनी रसिका हिला. नागरी सेवेच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी त्यावर वाद घालायला शिकवते. दोघांना मान्य ते वर लिहायचं, शब्दांचे अर्थ खाली, मग तोंड उघडायचं. रीत चांगली आहे. मी ती घरात जिंकायला वापरली, याची लाज वाटते.

४. मोत्याच्या कुड्या भावजय कल्पना हिला. कारण लिहिते. दिवाळीनंतर फरीदाबादला, पुष्करच्या घरी, आईने कोणाकडे राहावं हे ठरवायला बसलो होतो.

‘सांभाळणं म्हणजे वेळेवर डॉक्टर, औषधं, चोवीस तास बाई. मान्य?’ मी विचारलं.

‘बिल्कुल,’ पुष्कर म्हणाला.

मग सगळे मुद्दे माझ्याच बाजूने पडले, कारण अर्थ माझा होता. गल्लीतल्या मैत्रिणी, अंगणातलं ऊन, अक्षयाची वेणी घालणं त्यात कुठेच बसत नव्हतं.

कल्पना म्हणाली, ‘ताई, आईंना बाहेर बोलवू का?’

‘आधी आमचं ठरू दे.’

आई आत चहा गाळत होती.

पुष्कर हसला. ‘चलो, वकील पण तू, जज पण तूच. जिंकलीस यार.’ तेव्हापासून आई माझ्याकडे आहे आणि तो माझा फोन उचलत नाही. मध्ये बोलली म्हणून कल्पनावर मी धरलेला राग मागे घेते.

५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक पुष्कर. त्याने सगळं कल्पनाला विचारून करावं.

साक्षीदार: विनय दाभाडे, हेरंब कुंटे (दोघे शेजारी)
सही: मृणाल सरंजामे
गुरुग्राम, १६ फेब्रुवारी २०२५

सहीखालचं कायद्यात बसत नाही, ठाऊक आहे. आई, सकाळपासून तू गॅलरीत खुर्ची टाकून बसतेस, आणि इतक्या वरून खालच्या माणसांचे चेहरेही दिसत नाहीत. माझ्या मरणाची वाट न पाहता, पुष्करकडे जायचंय असं एकदा मला तोंडावर सांग. तू म्हणशील, ‘इथे काय कमी आहे गं?’ तर मीच सांगते: गल्लीतल्या मैत्रिणी, अंगणातलं ऊन, अक्षयाची वेणी; तू फक्त मान हलव.